शालूमावशी आणि बांधापलीकडच्या मेंढ्या

शालूमावशीच्या फाटकातून आत शिरलं की नमस्काराआधी घमेलं पुढे येतं. त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. "आधी पाय!" कुरिअरवाला, मीटर बघणारा, मतं मागायला आलेले दादा, सगळे त्यात उभे राहिलेत. माझे पांढरे स्नीकर्स त्यातच पिवळे पडले. मावशीशी भांडायला लागतं तेवढं मराठी आमच्या शाळेत शिकवत नव्हते.

मोहने गावाच्या पुढे तिचं थोडं भातशेत आहे आणि चंद्री नावाची एकच गाय. भातकापणी झाली की देशावरून धुरपदाबाई मेंढ्या घेऊन येते. मेंढ्या शेतात बसल्या की लेंडीखत मिळतं, म्हणून मावशी त्यांना जागा देते आणि मग महिनाभर त्यांच्याच धास्तीत राहते.

"लाळ्या-खुरकूत गं, गुरांचा रोग! मेंढीच्या अंगावर कळतसुद्धा नाही, आणि इकडे गाय आडवी."

म्हणून मेंढ्या बांधापलीकडे, चंद्री अलीकडे, पाणीही वेगळं. एकदा एक मेंढी बांधावर शिंकली, तर मावशीने बांध धुतला.

"ताई, आमची मेंढरं काय वाघ हायती व्हय?" धुरपदाबाईने विचारलं.

"वाघ परवडला. तो दिसतो तरी!"

मागच्या रविवारी मावशीचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. मी ठाकुर्लीहून रिक्षा करून गेले. चंद्रीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ती एकेक पाय उचलून झटकत होती. डॉक्टर नुकतेच तपासून गेले होते.

मला वाटलं, आता धुरपदाबाईची खैर नाही. पण मावशी गोठ्याच्या पायरीवर बसून होती.

"लाळ्या-खुरकूतच. रोग कुठून आला ते सांगता येत नाही म्हणाले. पण कच्च्या दुधातून पुढे जातो. कोकरं तर उभ्या उभ्या मरतात." ती बांधाकडे बघत होती. "धुरपदाच्या एका कोकराच्या आईला दूध नाही गं. आठवडाभर मी त्याला चोरून बाटलीने पाजतेय. चंद्रीचं."

धुरपदाबाई दुसऱ्या दिवशी कळप घेऊन पुढच्या गावी निघणार होती. तिथेही गुरं असणारच.

"मी सांगू का तिला?" मी विचारलं, आणि मावशीने नको म्हणावं अशी मनातल्या मनात प्रार्थना केली.

"नको. मीच सांगते."

आता रोग आपल्याकडून तिकडे जाऊ नये म्हणून ती बांधापासून दहा पावलं अलीकडेच थांबली आणि तिथून ओरडून तिने सगळं सांगितलं. कळप हलवू नकोस, ते कोकरू वेगळं बांध, हेही. धुरपदाबाई बांधापाशी आली.

"दूध पाजतीस ते मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याला बांधून ठेवलं असतंस." मावशीचा आवाज खाली आला. "दुपारचं त्याच्याशिवाय कोणी येतच नाही गं माझ्याकडे."

मावशीचा आवाज ऐकून कळपातून तेच कोकरू बें बें करत बांधाकडे धावत सुटलं. धुरपदाबाईने झेप घेऊन त्याला धरलं. ते तिच्या हातातून सुटायला धडपडत होतं.

मावशी एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक.