खांद्यावरचा लाल टॅग

शिरगावच्या एका लग्नात मधुकर चुरी उजव्या खांद्यावर लाल टॅग लावून आले होते. पोस्टकार्डाएवढा, सेफ्टी पिनेने सफारीला टोचलेला. त्यावर छापलं होतं : ‘दुरुस्ती चालू आहे. यंत्र सुरू करू नये.’ खाली नाव, तारीख, सही. नवरीच्या मामांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि थाप मारायला उचललेला हात स्वतःच्या खिशात घातला.

“बगितलंस?” चुरीकाका मला म्हणाले. “छापील कागदाला मानूस घाबरतो. तोंडी सांगितलं असतं तर दोन थापा बसल्या असत्या.”

काका बोईसरला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते. डोक्यावर हेल्मेट आणि नजर छताजवळच्या पाइपांकडे, अशी तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर मानेतली एक नस दबली, उजवा खांदा जाम झाला आणि मुंग्या अंगठ्यापर्यंत उतरल्या. ही डॉक्टरांची भाषा. काकांच्या भाषेत मेन पॅनल गरम, गिअरबॉक्स जाम आणि केबल दबलेली.

लाल टॅगांची एक जुडी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मागून आणली. घड्याळ मिळालं ते मेहुण्याला देऊन टाकलं. टॅगचा नियम ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. यंत्राच्या पोटात माणूस काम करत असतो, म्हणून तो बाहेर टॅग लावतो. ज्याने लावला त्यानेच काढायचा. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. “नियम मोडला की बोटं जातात,” असं म्हणून ते स्वतःची दहा बोटं दाखवतात.

‘दुखतंय’ हा शब्द त्यांना मान्य नाही. लॅपटॉपवर बातम्या लिहून माझी मान अधूनमधून धरते. एकदा तसं म्हणालो.

“दुखतंय हे काय रीडिंग हाय? दहापैकी किती?”

“सहा.”

“पेपरवाल्या, सहाला मानूस चहा पीत बसत नाय. तू तीनावर हायस. छापताना पन असंच वाढवून छापतोस काय?”

मंगळवारी आणि शुक्रवारी ते पालघरला फिजिओथेरपीला जातात. तिथल्या मॅडम मासवणच्या, वयाने काकांच्या मुलापेक्षा लहान. पहिल्या दिवशी मॅडमनी खांद्याला हात लावण्याआधी काकांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला. कोणतं काम, किती वेळ, धोका काय, जबाबदार कोण. मॅडमनी तो वाचला, चारही रकाने भरले आणि ‘धोका’पुढे लिहिलं : ‘रुग्ण बोलतो.’ तेव्हापासून काका त्यांच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत.

शेजारच्या खाटेवर कमरेला पट्टा लावून एक लोडर पडलेला असतो. तो विचारतो, “अंकल, आज मशीन चालू है?”

“ट्रायल पे है,” काका सांगतात. “लोड मत डालो.”

मॅडमनी त्यांना दर तासाला हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिला आहे. मान सरळ ठेवायची आणि ड्रॉवर बंद करावा तशी हनुवटी मागे न्यायची, दहा वेळा. काकांनी मनगटी घड्याळात दर तासाचा गजर लावला. गजर वाजला की ते असतील तिथे थांबून ड्रॉवर बंद करतात. बँकेच्या रांगेत करतात, शोकसभेतही केला. एकदा मच्छीबाजारात बोंबलांच्या वाट्यापुढे वाकलेले असताना गजर वाजला. काका ताठ झाले, हनुवटी मागे घेतली. दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घेतल्यावर मासेवाली उठून उभी राहिली.

“काय रे काका, वास येते काय? आताच बोटीतून आलीत. नाय घ्यायचं तर नको घेऊ, गिऱ्हाइकासमोर नाक कशाला वर करते?”

व्यायाम मध्ये सोडता येत नाही, त्यामुळे काकांनी उरलेले सात पूर्ण केले. तोवर शेजारच्या दोन वाट्यांची गिऱ्हाइकं निघून गेली होती. शेवटी काकांनी तिन्ही वाटे विकत घेतले आणि आमच्या मजल्याने दोन दिवस बोंबील खाल्ले.

खांद्याचा व्यायाम मात्र घरी, स्वयंपाकघरात होतो. भिंतीवर बोटं टेकवायची आणि खेकड्यासारखी वर चालवायची. पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ, शेजारी तारीख. पहिली रेघ कमरेच्या जरा वर आहे. शेवटची वरच्या फळीच्या दोन बोटं खाली.

त्या फळीवर लोणच्याची बरणी आहे आणि फळीच्या कडेला एक लाल टॅग. त्यावरचं अक्षर काकूंचं. ‘वर हात नेऊ नये. सुलभा चुरी.’ ती बरणी काढतानाच काकांचा खांदा पहिल्यांदा अडकला होता. काकूंनी त्यांच्याच जुडीतला टॅग घेऊन तिथे लावला आणि त्या पुण्याला गेल्या. सुनेचं बाळंतपण होतं. सव्वा महिन्यासाठी गेल्या होत्या. नात आता चालायला लागली आहे. काका एकदा जाऊन आले. तिथे दोन खोल्या, यांची पथारी सोफ्यावर. “तिसऱ्या दिवशी मेन पॅनल ट्रिप,” म्हणाले आणि परत आले.

गेल्या शुक्रवारी माझीही मान दाखवायला मी पालघरला गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, “चुरीकाकांचं बघा, कसं मनावर घेतलंय. तीन महिने झाले, हात सरळ वर जातो. कानाला लागतो.”

संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो. भिंतीवरची वरची रेघ तीन महिन्यांपूर्वीचीच होती. काकांची बोटं चालत तिथवर आली आणि थांबली.

“काका, मॅडम म्हणतात हात पूर्ण वर जातो.”

“तिकडं जातो.”

“मग इथं?”

“इथं टॅग हाय.”

“काढा की आता. खांदा बरा झाला.”

“ज्यानं लावला त्यानं काढायचा.”

मी बातमीदाराचा प्रश्न विचारला. “कारखान्यात टॅग लावणारा माणूस परत आलाच नाही तर?”

“त्याची प्रोसिजर हाय.” काकांनी हात खाली घेतला. “गेटवर चौकशी करायची. घरी फोन लावायचा. तो येनार नाय अशी खात्री झाली, की इनचार्ज सही करतो आनि टॅग काढतो.”

“काकूंना फोन करता ना?”

“रोज. आठ वाजता.”

“टॅगचं विचारलंत?”

घड्याळाचा गजर वाजला. काकांनी हनुवटी आत ओढली. दहा वेळा, घाई न करता.

“विचारलं, की खात्री होते,” ते म्हणाले.

मग त्यांनी ओट्यावरची पेन्सिल घेतली. टॅगला धक्का न लावता त्याच जुन्या रेघेसमोर आजची तारीख लिहिली.