चष्मा काढलेलं गिऱ्हाईक

"या हातांनी आजवर एकही डोकं बिघडवलेलं नाही!"

हे वाक्य उस्ताद इतक्यांदा म्हणायचा की सलूनच्या बाकावर नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं ते त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणायची. पण खोटं नव्हतं हो! रडून गोंधळ घालणारी पोरं, ताठ मानेचे निवृत्त साहेब, लग्नाच्या दिवशी सकाळी धापा टाकत आलेले नवरदेव, सगळे उस्तादच्या खुर्चीतून उठताना आरशात स्वतःकडे दोनदा बघायचे. अशा माणसाला एक गिऱ्हाईक आवडू लागलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

गिऱ्हाईक म्हणजे रस्त्यापलीकडचा चष्मेवाला. माणूस शांत, नाकावर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि बोटाला धरलेली आठ वर्षांची मिरची. हे तिचं नाव नव्हे, स्वभाव! तिच्या आईने वेगळा संसार थाटून बरीच वर्षं झाली होती. डबा, गृहपाठ, ताप, हट्ट, सगळं बापच निभावायचा, आणि झकास निभावायचा. फक्त वेणीत त्याचा हात कच्चा होता. एका रविवारी ती वेणी उस्तादला बघवेना.

"इकडे ये गं," म्हणून त्याने ती सोडली आणि अशी घातली की मिरची आरशासमोरून हलेना.

"उपकार झाले, उस्ताद," चष्मेवाला म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने उस्ताद जो पाघळला तो पाघळलाच.

आधी चष्मेवाला महिन्यातून एकदा यायचा. मग पंधरवड्याने येऊ लागला. मग दर रविवारी!

"काय करू?"

"थोडे बारीक करा."

आता आठवड्यात केस वाढून वाढणार किती? उस्तादला घोर लागला. असेच कापत राहिलो तर डोकं संपेल, आणि डोकं संपलं की येणंही संपेल! मग त्याने शक्कल लढवली. कात्री हवेतच चालवायची. कच् कच् कच्! आवाज पुरेपूर, केस जागच्या जागी. अर्धा अर्धा तास हा कार्यक्रम चाले. बाकावरचे पोस्टमनकाका वैतागून म्हणायचे, "उस्ताद, कापणी चाललीय की पेरणी?"

पण खरी मौज चष्म्याची होती. पहिल्याच दिवशी तो काढून फळीवर ठेवताना उस्तादने विचारलं होतं, "याच्याशिवाय दिसतं का काही?"

"छे! समोर नुसतं धुकं!"

झालं! उस्तादला रान मोकळं मिळालं. चष्मेवाल्याच्या मागे उभं राहून आरशात त्याच्याकडे खुशाल टक लावायची, आपल्याशीच लाजायचं, आणि आवाज न करता ओठ हलवायचे: "संध्याकाळी माझ्याकडे जेवायला याल?" मोठ्याने विचारायची छाती होत नव्हती. नाही म्हणाला तर? चष्मेवाला जाईल, मिरचीची वेणी जाईल, आठवडाभर ज्याची वाट बघायची तो रविवारच जाईल! त्यापेक्षा धुकं बरं.

अशाच एका रविवारीही सगळं तसंच चाललं होतं. कात्रीची हवा खाऊन झाली. उस्तादने मानेवरची लव साफ करायला मशीन हातात घेतलं, आरशात बघितलं, आणि ओठ हलवायला सुरुवात केली. मिरचीला कंटाळा आला होता. तिने फळीवरचा चष्मा उचलून नाकावर चढवला.

"अगं, ठेव तो!" उस्ताद ओरडला. "डोळे दुखतील! केवढा नंबर असेल बाबांचा!"

"कसला नंबर?" मिरची म्हणाली. "साधी काच आहे ही. बाबांना सगळं दिसतं. गिऱ्हाइकांचा विश्वास बसावा म्हणून घालतात नुसता!"

घर्रर्र! मशीन मानेवरून निघालं ते थेट कपाळावर जाऊन थांबलं. डोक्याच्या मधोमध हमरस्ता तयार झाला!

उस्तादचे कान लाल झाले. सगळं दिसतं? म्हणजे ते टक लावणं, ते लाजणं, ते ओठ... अरे देवा! आणि वर हे डोकं! जन्मभराची अब्रू आणि जन्मभराची आशा एकाच फटक्यात भादरली गेली होती.

"उरलेलेही काढा," चष्मेवाला शांतपणे म्हणाला.

उस्तादने गोटा केला. "मला माफ करा," तो पुटपुटला. "आता केस येईपर्यंत तुमचं इकडे काही काम नाही. दुसरीकडे गेलात तरी..."

"येतो," चष्मेवाला म्हणाला.

"बरं." उस्तादच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जातो म्हटलं नाही मी. संध्याकाळी जेवायला येतो. इतके रविवार विचारताय, आवाज कधी फुटतोय याची वाट बघत होतो. शेवटी म्हटलं, आपणच उत्तर द्यावं!"

"मीपण येणार!" मिरची म्हणाली.

"जा म्हणा रे दोघांनाही," पोस्टमनकाका कळवळले. "माझा नंबर कधी लागणार?"

संध्याकाळी चष्मेवाला तो गोटा घेऊन भर रस्त्यातून निघाला. "कोणी केलं हे?" असं ज्याने ज्याने विचारलं त्याला मान ताठ करून म्हणाला, "आमच्या उस्तादने!" खिडकीतून ते ऐकताना उस्तादची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तटकन उडून भातात पडलं.

पुढच्या रविवारी चष्मेवाला पुन्हा हजर. खुर्चीत बसला, चष्मा काढून फळीवर ठेवला.

"काय करू?" उस्तादने विचारलं.

"थोडे बारीक करा."

उस्तादने चकचकीत डोक्याभोवती अर्धा तास कात्री चालवली, पोस्टमनकाकांच्या शिव्या खाल्ल्या, मग टॉवेल झटकून बाकाकडे वळला आणि छाती काढून म्हणाला, "बघून घ्या! एक तरी केस वाकडा दिसतोय?"