पाणवठ्यावर दामले

दामले आमच्याकडे जेवायला आले की आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवत, मग खिशातून कागद काढत. दर पाच मिनिटांनी त्यावर काहीतरी टिपायचं. नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात ते ॲनेस्थेटिस्ट होते. भूल दिलेल्या पेशंटची पाच-पाच मिनिटांनी नोंद करून करून हाताला खोडच लागली होती. एकदा मी कागद हिसकावून वाचला. 'सात पंधरा : सुरेश बोलतो आहे. सात वीस : अजून बोलतो आहे. सात पंचवीस : आमटी बरी. सुरेश चालू.' सुरेश म्हणजे माझा नवरा. मी पोट धरधरून हसले, सुरेश आठवडाभर फुगून बसला.

"बघत राहायचं, वहिनी. मध्ये हात घालायचा नाही," हे दामल्यांचं तत्त्वज्ञान. गार्डनमध्ये मांजरानं पाखराचं पिल्लू धरलं तरी हा गृहस्थ खिडकीत उभा राहून वेळ लिहिणार! असा संताप यायचा मला.

शोभाच्या आजारातही तेच. शोभा म्हणजे त्यांची बायको, माझी मैत्रीण. ओव्हरीचा कॅन्सर, तोही दुसऱ्यांदा उलटलेला. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात कन्सल्टंटनं सरळच सांगितलं की हिला ख्रिसमस काही दिसत नाही. मी रोज फोन करायची.

"शोभा कशी आहे?"

"स्टेबल."

केस गेले, तरी स्टेबल. अन्न जाईना, तरी स्टेबल. शेवटी मी ओरडलेच, "अहो दामले, बायको आहे ती तुमची, टेबलावरचा पेशंट नाही!"

"पण ब्लडप्रेशर खरंच स्टेबल आहे, वहिनी."

मी फोन आपटला.

शोभाची इच्छा एकच. "वीस वर्षं या देशात गाई नि मेंढ्याच बघतेय गं. एकदा सिंहिणीला शिकार करताना बघायचंय. मग खुशाल जाते." दामल्यांनी केनियाची चार तिकिटं काढली. तिला उठवायला-बसवायला मी हवी होते, आणि मी निघाले म्हटल्यावर सुरेश थोडाच मागे राहतोय!

लॉजसमोर पाणवठा होता आणि त्याच्या काठाला लाकडी मचाण. मुक्काम पाच दिवसांचा. शोभाला उशांना टेकवून आम्ही सकाळ-दुपार तिथं बसायचो. दामल्यांचा कागद सुरूच. 'नऊ दहा : रानडुकरं. नऊ पंधरा : तीच रानडुकरं.'

तिसऱ्या दिवशी झुडपातून सिंहिणीचं डोकं बाहेर आलं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखले. आणि सुरेशनं चकली खाल्ली! मीच तळून, दोन डबे भरून नेलेली. मराठी माणूस आफ्रिकेत गेला म्हणून फराळ सोडतो होय! कडाडकन आवाज झाला आणि सिंहीण गायब. गाइडनं डोक्याला हात लावला. दामल्यांनी लिहिलं, 'चार चाळीस : चकली.' ते वाचून शोभा इतकी हसली की तिला धाप लागली. ती काही केल्या थांबेना. आमचं हसू तिथंच आटलं. सुरेश त्या दिवशी जेवला नाही.

चौथा दिवस कोरडा गेला. पाचव्या दिवशी तिला मचाणाचा जिना चढवेना, म्हणून दामल्यांनी तिला उचलून वर आणलं. किती हलकी झाली होती! दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं.

दुपार कलताना झेब्र्यांचा कळप आला, पाणी प्याला आणि निघून गेला. एक मादी मागे राहिली. तिचा मागचा पाय लुळा पडला होता, फासळ्या मोजता येत होत्या. तेवढ्यात पलीकडचं गवत हललं. सिंहीण! पोट जमिनीला लावून ती सरकत होती. शोभानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. डोळे नुसते चमकत होते तिचे. मनात म्हटलं, देवा, झालं एकदाचं हिच्या मनासारखं.

आणि दामले उठले. मांडीवरचं घड्याळ खाली पडलं. कठड्यावर वाकून जोरजोरात टाळ्या पिटत, गल्लीतलं कुत्रं हाकलावं तसे ते ओरडायला लागले, "ए हाड्! हाड्! चल, नीघ!"

गाइड धावत आला. सिंहीण थबकली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून निघून गेली. झेब्र्याची मादी लंगडत लंगडत झाडीत शिरली.

"दामले, हे काय केलंत!" मी किंचाळले. "तिनं एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडे!"

ते कठडा धरून उभे होते. शोभाच्या आवाजात फारसा जोर उरला नव्हता. "अहो," ती म्हणाली, "उद्या धरेलच की ती तिला. पायच गेलाय बिचारीचा."

"उद्या धरू दे," दामले म्हणाले. "आज नाही."

आणि तिच्या पायाशी मटकन बसून मोठमोठ्यानं रडायला लागले. इतक्या वर्षांत त्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

शोभा त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली. "बरं," म्हणाली, "आज नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा सांग गं सगळ्यांना. यांच्या कपात साखर जास्त घालायला सांग."