पेचेल घराण्याची टोळी

ऑनलाइन दुकानात पैसे घेणं म्हणजे काय मोठं काम आहे? जावा बेटावरच्या मादियुनच्या तांत्रिक शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा हे काम माझ्या हातचा मळ, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं!

बायको एंदाह. ती पेचेलची, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर घालायची चटणी करते आणि तिच्या वड्या विकते. शेंगदाणे, लाल मिरची, गूळ आणि लिंबाची पानं. अशी झणझणीत की रुसून गेलेला जावईसुद्धा सासरी परत येतो! आतापर्यंत गिऱ्हाईक बँकेत पैसे भरायचं आणि पावतीचा फोटो पाठवायचं. गेल्या वर्षी एका भामट्याने खोट्या पावतीवर चटणीच्या वड्यांचं अख्खं खोकं लांबवलं.

आणि आता रोज्यांच्या महिन्यात जाकार्ताहून हाप्सारीबाईंचा फोन आला. ईदच्या भेटींच्या टोपल्यांत ठेवायला सहाशे वड्या हव्यात! पण त्यांच्या कंपनीचा नियम कडक. पैसे रीतसर सुरक्षित ऑनलाइन दुकानातूनच भरणार, तेही सोमवारी दुपारी बारापर्यंत. नाहीतर त्या ब्लितार गावची चटणी घेणार. ब्लितारची! एंदाहने त्याच दिवशी शेंगदाण्याची पोती आणली, तीही उधारीवर. घरात बसायला जागा उरली नाही.

"अहो, जमेल ना तुम्हाला? नाही जमलं तर ही पोती घेऊन मी कुठे जाऊ?"

"एंदाह, तू फक्त मिरच्या कुट!"

दोन दिवस मी पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांची माहिती चाळली आणि एक निवडून दुकान मांडलं. कार्डाची सोय केली, क्यूआरची केली, बँकेचं खातंही जोडलं. मग सुरक्षेचं पान उघडलं. तिथे बटणंच बटणं! खोटी नावं अडवायची? हो. एकाच आडनावाच्या ढीगभर माणसांनी खरेदी केली तर दुकान बंद करायचं? हो, हो! जे बटण दिसलं ते दाबलं. एंदाह निंग्रुम या नावाने, तिच्याच कार्डावर एक वडी विकत घेऊन पाहिली. पैसे खटकन जमा झाले. मी कॉलर ताठ केली.

रविवारी संध्याकाळी रोजा सोडायला सगळी गल्ली आमच्याकडे. शेंगदाण्याच्या पोत्यांवर बसून सगळ्यांनी सरबत प्यायलं आणि मी भाषण ठोकलं. आता आमच्या गल्लीत कुणी काही नवं काढलं की शेजाऱ्यांनी हातभार लावायचाच, ही रीत. न लावला तर तोंड दाखवायची लाज वाटते.

"आण रे तो मोबाईल!" सुमारनोकाका बाह्या सरसावत म्हणाले. "पहिली वडी माझी!"

काकांनी नाव लिहिलं, सुमारनो. पुढचा रकाना, आडनाव.

"आडनाव? कुणाचं?"

"तुमचं, काका."

"मला कुठे आहे?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या गल्लीत आडनाव आहेच कुणाला? आईबाप एक नाव ठेवतात, संपला विषय. मी स्वतः नुसता विदाग्दो! दोन शब्दांचं नाव अख्ख्या गल्लीत एकट्या एंदाहचं, आणि मी तपासून पाहिलं तेही तिच्याच नावाने.

"सुमारनो सुमारनो लिहा," मी म्हटलं. लाल अक्षरं आली, दोन्ही नावं सारखी चालणार नाहीत. रेघ मारली. रेघही चालेना. ती बटणं मीच दाबलेली!

"त्यात काय एवढं?" लास्त्रीकाकू पोत्यावरून उठल्या. "पेचेल लिहा की! म्हणजे एंदाहलाही कळेल, ऑर्डर आपल्याच माणसाची आहे."

सुमारनो पेचेल. चाललं! मग काय, लास्त्री पेचेल, नगादियो पेचेल, तुकियेम पेचेल! सगळी गल्ली आमच्याच वायफायवरून तुटून पडली. मी टाळ्या वाजवत होतो. इतक्यात मोबाईलचा पडदा लाल झाला.

"पेचेल कुटुंबाची संशयास्पद खरेदी. दुकान तपासणीसाठी बंद."

"बंद पडलं? मग पुन्हा करूया!" काकू म्हणाल्या आणि सगळ्यांनी आणखी जोरात मदत सुरू केली.

एंदाह ओरडली नाही. तिने नुसतं पोत्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या तपासणी विभागाला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक साहेब बोलले.

"या पेचेल कुटुंबाचे प्रमुख कोण?"

"असं कुटुंबच नाही, साहेब."

"म्हणजे माणसं खोटी?"

"छे छे! माणसं खरी, आडनाव खोटं!"

पलीकडे टाईपिंगचा आवाज आला. आपण काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं.

"खोटं आडनाव लिहायला कुणी सांगितलं?"

"लास्त्रीकाकूंनी."

"टोळीच्या प्रमुख त्या का?"

"कोण टोळी?" काकू माझ्या मागेच उभ्या! "दे इकडे तो फोन! अरे मेल्या, मदत केली तर टोळी म्हणतोस?"

त्यांनी फोन हिसकावला, कॅमेरा सुरू केला आणि गल्लीला हाक मारली. सगळे ओळखपत्रं घेऊन अंगणात रांगेत उभे राहिले. साहेब एकेक ओळखपत्र वाचू लागले. सुमारनो. लास्त्री. नगादियो. तुकियेम. पुढे कुणाचंच काही नाही.

साहेब घुटमळले. मग हळूच म्हणाले, "काकू, मी पोनिमान."

"पुढे?"

"पुढे काही नाही. ऑफिसच्या ओळखपत्रावर पोनिमान पोनिमान छापलंय. सगळे हसतात."

"गाव कुठलं रे तुझं?"

"पोनोरोगो."

"अगंबाई! हा तर शेजारच्या गावचाच पोर निघाला!"

साहेबांनी दुकान उघडलं! बाराला थोडाच वेळ उरला होता. एंदाहने हाप्सारीबाईंना कळवलं आणि सहाशे वड्यांचे पैसे जमा झाले. एंदाह पोत्यावर बसून आधी रडली, मग हसली, मग तिने मला एक धपाटा घातला. मला एकदम हलकं वाटलं.

फोन अजून चालूच होता. पोनिमान म्हणाले, "इथे जाकार्तात अशी चटणी मिळत नाही हो. आईची आठवण आली. मीही दोन वड्या मागवतो. आडनाव काय लिहू?"

"पेचेल!" सगळी गल्ली ओरडली.

"नको! थांबा!" मी ओरडलो.

पडदा लाल झाला.

"साहेब, उघडा की पुन्हा!"

"आता मला नाही उघडता येणार," पोनिमान रडवेल्या आवाजात म्हणाले. "टोळीत माझंच नाव आलंय."

दुकान पुढे उघडलं, पण सध्या त्याचं सगळं एंदाह बघते. मी मागच्या अंगणात शेंगदाणे भाजतो. तिथे आडनाव लागत नाही!