दूध कुणी दिलं?

वस्तू पारखून घ्यावी तर आमच्या अबोलीनं, असं बाबा चारचौघांत सांगायचे. ते खरंच आहे! साधी टॉर्च घ्यायची तरी मी तिच्याबद्दल इतकं वाचून जाते, की शेवटी दुकानदारच मला विचारतो, "ताई, ही पावसात चालते का?" म्हणून बाबांना जाऊन आठवडा होत नाही तोच मी परभणीच्या बाजारात वायरलेस इअरबड्स घ्यायला उभी होते, तेव्हाही मला यशाची पूर्ण खात्री होती. घरातून निघताना मात्र, दर्भ आणि काळे तीळ आणते, असं सांगितलं होतं.

दुकानदारानं विचारलं, "गेमिंगला पाहिजेत का कॉलला?"

सुतकाला, असं म्हणता येईना. मी म्हटलं, "ऐकायला."

माझ्या अटी पक्क्या होत्या. लुकलुकणारा दिवा नको. कानाखाली लोंबणारी दांडी नको. रबर अगदी लहान हवं, कारण कानात कुड्या आहेत. बाबांच्या जुन्या अँड्रॉइड फोनशी जमलं पाहिजे. फक्त आपल्याच कंपनीच्या फोनशी सोयरीक करणारे नकोत. दोन्हींपैकी एकच घातला तरी चालला पाहिजे. रंग पिकलेल्या केसांच्या जवळपासचा. आणि डोक्यावरून पदर घेतल्यावर बाहेरून काहीही दिसता कामा नये. या शेवटच्या मुद्द्यावर इंटरनेटवरच्या एकाही शहाण्यानं काही लिहिलेलं नव्हतं. मग मी दुकानातच ओढणी डोक्यावर घेतली, इअरबड कानात घातला आणि आरशात पुढून, मागून, बाजूनं बघितलं. दुकानदार हिशोबाच्या यंत्राकडे बघत राहिला. माणूस सभ्य होता.

आता कारण सांगते.

बाबा, म्हणजे अनंतराव, पेडगावच्या शाळेतले निवृत्त मास्तर. रात्रीचं जेवण झालं की ते आणि आई फोन मधे ठेवून एक खुनाची गोष्ट ऐकायचे. रोज एक भाग. गोष्टीत एक म्हातारे वकील रात्री दूध पिऊन झोपतात आणि सकाळी मेलेले सापडतात. दुधात काहीतरी होतं. ते कुणी घातलं, हा प्रश्न. एकट्यानं पुढचा भाग ऐकायचा नाही, हा नियम बाबांनीच केलेला. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नव्हती. वकिलाच्या घरातल्या प्रत्येकावर त्यांनी संशय घेतला होता, कुत्र्यावरसुद्धा. आणि शेवटचे थोडे भाग उरलेले असताना एका रात्री बाबा झोपले ते उठलेच नाहीत.

आई रडली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगायची, "रात्री दूध पिऊन झोपले, ते उठलेच नाहीत." बायका डोळ्यांना पदर लावायच्या, आई भिंतीकडे बघत बसायची. जेवायची नाही, झोपायची नाही. आम्ही दोघीच असताना मात्र ती दुसरं वाक्य म्हणाली.

"त्यांना खुनी कळला नाही गं. इच्छा राहिली की कावळा शिवत नाही."

मी हसले नाही, कारण ती हसत नव्हती. दहाव्याच्या आधी तिला गोष्टीचा शेवट ऐकायचा होता. मग नदीवर पिंडापाशी वाकून तो बाबांना हळूच सांगायचा होता. एवढं झालं की ते सुटले, अशी तिची समजूत. मी एवढी पुस्तकं वाचलेली, पण तिच्या समजुतीपुढे ठेवायला माझ्याजवळ यापेक्षा बरं काही नव्हतं.

अडचण होती ती आत्याची. बाबांची थोरली बहीण पार्वतीबाई. चुडाव्याहून आल्या आल्या तिनं टीव्हीवर चादर टाकली आणि माजघराच्या दाराशी बैठक मारली. तिच्या नजरेसमोरून मुंगी साखर घेऊन गेली असती, तरी तिनं मुंगीला सुतकाचे नियम सांगितले असते. नवऱ्याचा दहावा व्हायच्या आत बाई खुनाच्या गोष्टी ऐकते, हे तिला कळलं तर काय होईल, याचा विचार आम्ही दोघींनी केला आणि मग करायचा सोडून दिला.

न्हाणीघरात उभं राहून मी आईला जोडणी दाखवली. फोन म्हणाला, "जोडायचे का?"

"कुणाशी?" आईनं विचारलं.

"या कानातल्याशी. आता यांची जोडी लागेल."

"लाव. माझी मोडलीच आहे," आई म्हणाली आणि कान पुढे केला.

जोडी लागली. मी इअरबड्सची आवाजाची गळती तपासली, बॅटरी तपासली, पदर तपासला. एक गोष्ट तपासली नाही. ती इअरबड्समध्ये नव्हतीच, फोनमध्ये होती.

दुपारी चारला आमच्याकडे गरुडपुराण वाचलं जाई. नागनाथमहाराजांचा आवाज म्हणजे मांजरानं उंबरा ओलांडावा तसा. मागे बसलेल्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून महारुद्रकाकांनी, म्हणजे बाबांच्या चुलतभावानं, लग्नातला चाकांचा मोठा स्पीकर आणून ठेवला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्यावर अभंग लावले होते. कुठल्या फोनवरून? बाबांच्या. म्हणजे त्या स्पीकरची आणि बाबांच्या फोनची आमच्याआधीच घसट झालेली होती, आणि स्पीकर सुरू झाला की फोन आपण होऊन त्याच्या गळ्यात पडायचा. हे सगळं मला नंतर समजलं. नंतर समजण्यासारखं बरंच असतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आई, "जरा पडते," म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. शेवटचा भाग चालू होता. बाहेर बैठक भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधल्या दारात आत्या. मी पार समईपाशी, म्हणजे स्पीकरपासून चार हातांवर, पण मधे काकांचा देह. नागनाथमहाराज कुठल्या पापाला कुठला नरक ते सांगत होते. घात करून मारणाऱ्यापाशी पोचले तेव्हा, मागच्यांना ऐकू येईना म्हणून, काकांनी स्पीकरचं बटण दाबलं.

आणि स्पीकरमधून भारदस्त आवाज आला, "ते आपोआप गेलेले नाहीत. त्यांना मारलंय."

महाराज थांबले. सगळी बैठक थांबली. मला वाटलं, समईसुद्धा थांबली.

"रात्री ते दूध पिऊन झोपले," स्पीकर म्हणाला, "ते उठलेच नाहीत."

आठवडाभर गावानं हे वाक्य आईच्या तोंडून ऐकलेलं. शब्दाला शब्द तेच. पन्नास माना एकदम आतल्या खोलीच्या बंद दाराकडे वळल्या.

मी बटणाकडे हात लांबवला, पण मधे काका. काकांना वाटलं माईक बिघडला. त्यांनी माईकला दोन चापट्या मारल्या. तिकडे आत आईच्या कानातला आवाज अचानक गेला होता, आणि आवाज गेल्यावर माणूस जे करतं तेच ती करत होती. वाढवत होती. स्पीकर गरजू लागला.

"दूध देणाऱ्या हातावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. चाळीस वर्षांचा!"

"अरे देवा," मागून कुणीतरी पुटपुटलं. महाराजांनी नकळत मागचं पान उलटून तोच नरक पुन्हा काढला. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो राग आहे असं मला वाटलं.

"आणि तो हात," स्पीकर म्हणाला, "आत्ता या खोलीत आहे. तो हात आहे—"

मी काकांना ढकलून बटण दाबलं. इतकी शांतता झाली, की बाहेर गोठ्यात वासरू रवंथ करतंय ते ऐकू आलं. आणि त्या शांततेत आतलं दार उघडलं. डोक्यावर पदर घेतलेली आई उंबऱ्यात आली आणि कानात बोळे असलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "अबोली, हे बंद पडलं बघ. खुनी सांगतच होते!"

मग मला सगळं सांगावं लागलं. गोष्ट, दूध, वकील, इअरबड्स. इच्छेचं आणि कावळ्याचं तेवढं सांगितलं नाही. ते आईचं होतं. काही जणांनी मान हलवली, काहींनी नुसतं "हां, हां" केलं, आणि जाताना नागनाथमहाराजांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मग दूध कुणी दिलं होतं?"

"मलाही माहीत नाही, महाराज."

आत्यानं नुसता हात पुढे केला. आईनं मुकाट्यानं दोन्ही इअरबड्स आणि फोन तिच्या हातावर ठेवला. फोन आत्याच्या पिशवीत गेला, इअरबड्स पदराच्या गाठीत. गाठ तिनं दातांनी आवळली.

"वन्सं, शेवटचा भाग आहे," आई म्हणाली. "उद्या त्यांचा दहावा आहे."

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. एरवी बायका जात नाहीत, पण मी एकुलती, म्हणून मी गेले, मी गेले म्हणून आई आली, आणि आई आली म्हणून तिच्यावर नजर ठेवायला आत्या आली. काकांनी पिंड ठेवला. आम्ही मागे सरकलो. समोर बाभळीवर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

काका हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म. मी म्हटलं, "बाबा, तुमची पुस्तकं शाळेला देईन." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन पाठ करून बसला. ऊन चढत होतं. आईचे ओठ कोरडे पडले होते. ती कावळ्यांकडे बघतच नव्हती, पिंडाकडे बघत होती, आणि तिच्याजवळ सांगायला काही नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. दर्भ मीच आणलेला होता, इअरबड्सचं निमित्त म्हणून.

"थांबा," आई म्हणाली. मग आत्याकडे वळली. "त्यांची काय इच्छा राहिली ते मला माहीत आहे, वन्सं. खुनी कळला नाही त्यांना. मी ऐकून सांगणार होते. तुम्ही काढून घेतलंत."

आत्यानं पदराची गाठ मुठीत धरली.

"त्याला कळला हुता," ती म्हणाली.

"काय?"

"तू दुपारची शेजारी गेलीस की पुढचं समदं ऐकायचा अनंता. पोटात ऱ्हात न्हाई म्हणून मला फोन लावायचा. मेल्यानं—" आत्यानं जीभ चावली. "त्यानं मला मागचं पुढचं काईच न्हाई सांगितलं, नुसता खुनी सांगितला, म्हणून काल ते दुधाचं ऐकून मीबी भ्याले. अन् तुला कळू देऊ नको म्हणला. काल 'उद्या त्यांचा दहावा' म्हणलीस तवाच वळखलं मी. तू ऐकून त्यालाच सांगाया गेली असतीस, तर वर तोंड लपवाया जागा ऱ्हाईली नसती त्याला. म्हणून परत दिलं न्हाई."

आई हळूहळू पिंडाकडे वळली.

"म्हणजे रोज रात्री शेजारी बसून 'आता काय होणार गं' म्हणायचात, ते सोंग होतं?"

गुरुजींचे हात दर्भावर थांबले होते.

"कुत्र्यावर संशय घेतलात," आई म्हणाली, आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मोठ्यानं नाही, बाबा उशिरा घरी आल्यावर रागावायची तशी. मग पदरानं तोंड पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "जाऊ द्या. बसा जेवायला."

पाठ करून बसलेला कावळा वळला, खाली आला, आणि पिंडाला चोच लावली.

त्याला भूक लागली असेल. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मी फक्त दर्भ गोळा केला आणि तोंड धुवायला पाण्यात गेले.

परतताना जीपमध्ये आई आणि आत्या मागे बसल्या. आत्यानं आईच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. आईनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला, मग दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देता देता सुतक आठवून थांबल्या. मी पुढून विचारलं, कोण होतं?

"पहिल्यापासून ऐक की," आई म्हणाली. "असं मधूनच कुणी सांगत असतं का? नियम म्हणजे नियम."

ऐकणार होते. पण सगळं आटोपून चुडाव्याला जाताना आत्यानं गाठ सोडली, पिशवीतला फोन आणि एक इअरबड आईला दिला आणि दुसरा परत बांधून घेतला. दोघी आता फोनवर बोलून एकाच वेळी आपापल्या फोनवर नवीन गोष्ट लावतात, आणि कुणी पुढे ऐकत नाही. एकच घातला तरी चालला पाहिजे, ही अट माझीच. वस्तू मी पारखून घेतली होती, यात शंका नाही. ती गोष्ट ज्यात आहे तो बाबांचा फोन आता मोकळा म्हणून नसतोच. वकिलाला दूध कुणी दिलं, हे आईला, आत्याला आणि पेडगावच्या एका कावळ्याला ठाऊक आहे. नागनाथमहाराज मला अजून रस्त्यात थांबवून विचारतात.