हिरव्या दिव्याचे अकरा सेकंद

मुलगा तीन वर्षांच्या नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना सूचनांचं एक पान लिहून ठेवून गेला. म्हाताऱ्या आईवडिलांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी, यावर त्या पानात एकही ओळ नव्हती. सगळं पान त्याच्या मोटारसायकलच्या बॅटरीवर होतं. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी आपोआप उतरत जाते, म्हणून तिला कायम चार्जर लावून ठेवायचा. लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला. दिवा लाल असेल तर चार्जिंग चालू, हिरवा असेल तर बॅटरी भरलेली. दिवा रोज बघायचा. 'रोज'खाली दोन रेघा.

पान मात्र योग्य माणसाच्या हातात पडलं होतं. त्याचे वडील, म्हणजे काका, बत्तीस वर्षं एका गोदामात स्टोअरकीपर होते आणि त्यांच्या हाताखालून एक खिळासुद्धा नोंदीशिवाय बाहेर गेला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी वही घातली. रोज सकाळी आठ वाजता ते जिन्याखालच्या खोलीत उतरायचे, कव्हर घातलेल्या गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि लिहायचे: दिवा हिरवा. खाली सही.

दर रविवारी दहा वाजता मुलाचा फोन यायचा.

"बाबा, दिवा कुठला?"

"हिरवा."

"मस्त. ठेवतो मग, जरा घाईत आहे."

अकरा सेकंद. काकांनी घड्याळ लावून मोजले होते. काकू फोनसाठी हात पुढे करून शेजारी उभ्या असायच्या, तो हात तसाच मागे यायचा.

"नशीब काढलं हो त्या बॅटरीनं," काकू म्हणायच्या. "माझे गुडघे गेले, त्यांची कुणी वही घातली नाही."

सहाव्या महिन्यात एका रविवारी सकाळी वीज गेली आणि आली. चार्जर पहिल्यापासून सुरू झाला आणि नेमका दहा वाजता दिवा लाल होता. काकांनी खरं ते सांगितलं.

"लाल?" मुलगा ओरडला. "थांबा, व्हिडिओ लावा. मला दाखवा. हिरवा होईपर्यंत कुणी हलायचं नाही तिथून!"

चाळीस मिनिटं लागली. काकांनी दिव्यावर नजर ठेवली आणि काकूंनी फोन हिसकावून घेतला. पोराचे गाल बसले होते, दाढी वाढली होती. काय खातोस, झोपतोस किती वाजता, खोकला कधीपासून, सगळं विचारून झालं. तो एकदा चक्क हसलासुद्धा. तेवढ्यात काका आनंदानं ओरडले, "झाला, झाला! हिरवा झाला!"

"सुटलो. ठेवतो, बाबा."

काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "ओरडायची काय गरज होती?"

"अगं, पण झाला ना हिरवा."

"झाला तर झाला! तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

पुढच्या रविवारी दिवा हिरवागार होता. काका फोनवर म्हणाले, "लाल," आणि त्यांना दरदरून घाम फुटला. आयुष्यातली पहिली खोटी नोंद. तिच्यावर पंचवीस मिनिटं मिळाली. मग मात्र माणूस सोकावला. खोटं बोलायचं तर तेही चोख हवं, म्हणून काकांनी दुसरी वही घातली, फक्त थापांची. बॅटरी गरम लागते. चार्जर गुणगुणतो. चिमट्यावर पांढरं साचलंय.

"गरम मागच्या रविवारी झालंय," काकू वही तपासून सांगायच्या. "आज वास येतो म्हणा."

मुलगा वैतागायचा, पण बोलायचा. त्या वैतागात मधेच घरमालकाची कटकट निघायची, साहेबाचा चक्रमपणा निघायचा. तेवढ्यावर काकूंचा आठवडा जायचा. तसा मुलगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

मग एकदा तो म्हणाला, "बाबा, आत्ता दाखवा तो लाल दिवा."

काकूंची तयारी होती. खोकल्याच्या गोळीवरचा लाल कागद त्यांनी आधीच दिव्यावर चिकटवून ठेवला होता. पण हिरव्या दिव्यावर लाल कागद लावला की दिवा लाल दिसत नाही, विझल्यासारखा दिसतो, हे दोघांनाही त्या क्षणी कळलं.

"अरे, आता तर दिवाच गेला!" मुलगा किंचाळला.

त्या दिवशी पन्नास मिनिटं मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी, मुलानं धाडलेला मेकॅनिक दारात.

मेकॅनिकनं मीटर लावून बॅटरी तपासली. "काका, बॅटरी तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मग त्याला तो लाल कागद दिसला. त्यानं तो नखानं सोलला, हुंगला आणि काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीकडे बघत होत्या.

"काय सांगू त्याला?" मेकॅनिकनं विचारलं.

"खरं नको सांगूस रे बाबा," काका म्हणाले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणापुढे असे हात जोडले नव्हते.

"बरं. चार्जर खराब आहे म्हणतो."

माणूस भला. त्याच्या भलेपणानंच घात केला. आठ दिवसांत मुलानं नवा चार्जर मागवून दिला. मेकॅनिकनंच तो बसवला. हा चार्जर हुशार होता, बॅटरीची खबर परस्पर मुलाच्या मोबाईलवर पाठवायचा. तो नेटला जोडण्यासाठी मुलगा शेवटचा अर्धा तास बोलला, त्यातली वीस मिनिटं पासवर्डवर गेली.

"बाबा, आता तुम्ही सुटलात," तो म्हणाला. "खाली उतरायला नको, वही नको. मला इथे सगळं दिसतं."

"पण रविवारी..."

"रविवारीसुद्धा दिसतं, बाबा."

पहिल्या रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. चौथ्या रविवारी काकांनीच लावला.

"काय झालं?" मुलगा दचकून म्हणाला. "इथे तर सगळं ओके दाखवतंय."

"ओकेच आहे. सहज केला."

"सहज? बाबा, कामात आहे मी. करतो नंतर."

ते नंतर काही आलं नाही. पुढच्या रविवारी दहाचे सव्वादहा झाले आणि काकूंचा संयम सुटला. "अहो, उठा. उपटा तो प्लग!"

काका खाली गेले आणि प्लग काढून आले. फोन टेबलावर मधोमध ठेवून दोघं समोरासमोर बसले. काकूंनी केससुद्धा नीट केले, व्हिडिओ लावला तर असावं म्हणून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. विसाव्या मिनिटाला बेल वाजली, पण ती दाराची.

दारात मेकॅनिक. आज अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, हातात फळांची पिशवी होती.

"प्लग निघालाय का, काका?"

"तुला कसं कळलं?"

मेकॅनिक अवघडला. "त्यानं तशी सोय करून घेतलीय. काही बिघडलं की मेसेज मलाच येतो. त्याला कामात त्रास नको म्हणून."

मेकॅनिक स्वतःच खाली गेला, प्लग लावून आला आणि मोबाईलवर 'झालं' असं लिहून पाठवलं. उत्तर लगेच आलं.

"काय म्हणतो?" काकूंनी घाईनं विचारलं.

मेकॅनिकनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. वर केलेला एक अंगठा होता. काकू तो बराच वेळ बघत बसल्या.

मेकॅनिक चपला घालता घालता थांबला. "काकू, राग मानू नका. प्लग खुशाल काढा, मी येईन. फक्त रविवारी नका काढू. रविवारी मी माझ्या आईकडे जातो."

"मग सोमवारी काढू?" काकूंनी विचारलं.