पदराआडचा पासवर्ड

मालनताई पासवर्ड टाकताना कीबोर्डवर पदर धरायच्या. केबिनमध्ये एकट्या असल्या तरी. मोबाइलवर कोड आला की मोबाइलही पदराखाली. भिंतीवर फक्त पाल असते म्हटलं, तर म्हणाल्या, "तिचा तरी काय भरवसा?"

मारुंजीत सोलर बंब बसवणारं आमचं ऑफिस. ग्राहकांची सगळी माहिती ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या अ‍ॅडमिन मालनताई. मेंढपाळाच्या घरातल्या. दर सोमवारी मेंढरं मोजावीत तशी खाती मोजायच्या. "ह्यो गेला न्हवं नोकरी सोडून? मग ह्याचं दार उघडं कसं?" जाणाऱ्याचं खातं आधी बंद, निरोपाचा चहा मग. मालकांनाही फक्त पाहण्यापुरती मुभा. "तुमी बघा. बदलायला मी हाय."

मला त्यांचं कोडंच पडे. भुकूमची टेकडी एक बिल्डर फोडत होता. त्याविरुद्ध मी पत्रकं काढली, तेव्हा तिथल्या ग्राहकांचे नंबर त्यांच्याकडे मागितले.

"ताई, हा लोकांचा लढा आहे!"

"मग लोकांस्नी इचार. नंबर त्यांनी बंबासाठी दिल्यात."

"म्हणजे तुम्ही बिल्डरच्या बाजूच्या!"

"व्हय का? मग पत्रकाखाली तुझा पासवर्ड छाप की."

आठवडाभर मी अबोला धरला. पत्रकं दारोदार हिंडून वाटली.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि अ‍ॅडमिनपद माझ्याकडे दिलं. मी चकित.

"पत्रकांच्या येळंला तुझ्याकडच्या तक्रारवहीतनं नंबर उतरवता आलं असतं तुला. न्हाई उतरवलंस. आता बंद कर माझं खातं, चहा निवतुया."

मी खातं बंद केलं. ताई रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"भुकूमच्या एक आजी हायेत. दर मंगळवारी तक्रारीचा फोन करत्यात. बंबाला काय बी झालेलं नसतं. आमी दोघी फोनवर संगं जेवतो."

"मग आता घरून करा फोन."

"नंबर कुटं हाय माज्याकडं? कामाचा होता त्यो."

नंबर माझ्यासमोर होता, आणि मलाही तो देता येत नव्हता. मी ऑफिसच्या फोनवरून आजींना लावला. "मालनताई निवृत्त झाल्या. त्यांना तुमचा नंबर देऊ का?"

पलीकडून आजी कडाडल्या, "इतकी वर्षं तिनं मागितला का न्हाई?"

ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी एकेक आकडा दाबत गेलो. पदर त्यांच्या खांद्यावरच होता.